डॅड्स आर्मीचा बॉक्स सेट घ्यावा का? आर्थर लोसाठी तरी घ्याच

बीबीसीच्या 'डॅड्स आर्मी' या जुन्या विनोदी मालिकेचा डीव्हीडी सेट घेऊन झाला, बघून झाला, काही भाग तर परत परत बघून झाले, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो: घ्या. जोक्ससाठी घेणार असाल तर मात्र थोडं थांबा, कारण जोक्स बरेचसे जुने झालेत आणि अर्धे तर येताना लांबूनच दिसतात. मी पैसे वसूल म्हणतोय ते त्यातल्या एका माणसामुळे, आर्थर लो. बुटका, गोल, टक्कल पडलेला, गोल चष्मा, इवलीशी मिशी. पंधरा वर्षं लहानसहान कामं करत राहिलेला नट हातात खरी भूमिका आली की काय करतो ते बघायचं असेल तर याहून चांगली सोय मला माहीत नाही.

मालिका माहीतच नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४० चा मे महिना, फ्रान्स कोसळत चाललेलं, जर्मन आता कधीही इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरतील अशी धास्ती, आणि सरकारने रेडिओवरून १७ ते ६५ वयाच्या पुरुषांना हाक दिली की या आणि आपापलं गाव राखा. त्यातून पुढे होम गार्ड झालं. वॉल्मिंग्टन-ऑन-सी नावाच्या काल्पनिक गावात बँक मॅनेजर जॉर्ज मॅनरिंग (हाच आर्थर लो) कुणी विचारायच्या आत स्वतःच स्वतःला कॅप्टन करून टाकतो आणि हाताशी काय, तर खाटीक जोन्स, प्रेतं पुरायचा धंदा करणारा फ्रेझर, ब्लॅकने माल विकणारा वॉकर, सारखी बाथरूमची घाई असलेला म्हातारा गॉडफ्री आणि बँकेतलाच आईच्या पदराखालचा पाइक. सार्जंट म्हणून विल्सन, जो बँकेतही याचाच हाताखालचा. १९६८ ते १९७७, नऊ सीझन, ८० भाग. लिहिणारे जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट, आणि पेरी पोरवयात स्वतः होम गार्डमध्ये होता त्यामुळे लाकडी बंदुका वगैरे प्रकार हवेतून आलेले नाहीत.

हा पेरी नंतर सैन्यातून आपल्या देवळालीला येऊन पडला होता बरं का, तिथे तोफखान्याच्या करमणूक पथकात होता, आणि त्या आठवणींवर या दोघांनी पुढे 'इट एन्ट हाफ हॉट मम' काढली जी सुरुवातीला देवळालीतच घडते. नाशिककरांनी उत्साहाने शोधायला जाण्याआधी सांगून ठेवतो, तिच्यात मायकेल बेट्स हा गोरा नट तोंडाला रंग लावून हिंदुस्थानी बेअरर झालाय. बेट्स जन्माने झाशीचा, नट म्हणून चांगलाच, पण आज ते बघताना खुर्चीत चुळबुळ होते. असो. तो सेट वेगळा, त्याचा रिव्ह्यू लिहायची माझी इच्छा नाही.

आता लो. जन्म १९१५, डर्बीशायरमधलं हेफिल्ड. वडील रेल्वेत. याला जायचं होतं मर्चंट नेव्हीत पण डोळे कमजोर निघाले, मग इकडेतिकडे नोकऱ्या, मग युद्ध, मध्यपूर्वेत पोस्टिंग आणि तिथे जवानांच्या करमणुकीसाठी नाटकं करता करता याला लागली चटक. १९४५ ला मँचेस्टरच्या रेपर्टरी कंपनीत लागला तेव्हा हा तिशीचा, पगार आठवड्याला ५ पौंड आणि रोज रात्री दोन खेळ. रेपर्टरी म्हणजे काय प्रकार असायचा ते लक्षात घ्या, या आठवड्याचं नाटक रात्री करायचं, पुढच्या आठवड्याच्या नाटकाची दिवसा तालीम, आज पोलीस उद्या पाद्री परवा नायिकेचा बाप, आणि हे असं वर्षानुवर्षं. तिथे माणसाला एक गोष्ट शिकावीच लागते, ती म्हणजे स्टेजवर दोन मिनिटं मिळाली तर त्या दोन मिनिटांत हा माणूस कोण, काय कमावतो, बायकोला घाबरतो का, एवढं सगळं लोकांना कळलं पाहिजे.

ते दोन मिनिटांचं काम बघायचं असेल तर १९४९ चा 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' बघा. सगळा सिनेमा अॅलेक गिनेस खाऊन टाकतो, आठ भूमिका एकट्याच्या, आणि एकदम शेवटी तुरुंगाच्या दाराबाहेर एक पत्रकार टोपी सावरत येतो आणि नायकाला त्याच्या आठवणींच्या हस्तलिखिताबद्दल विचारतो. बस. नायकाचा चेहरा उतरतो आणि सिनेमा संपतो. तो पत्रकार म्हणजे लो. किती सहज विचारतो, जसं काही दिवसातला दहावा माणूस आहे ज्याला तो हेच विचारतोय! पन्नासच्या दशकात मग संगीतिका, टीव्हीवर फुटकळ कामं, सिनेमात इन्स्पेक्टर आणि क्लार्क. नाव कुणाला माहीत नाही, चेहरा ओळखीचा.

पंचेचाळिसाव्या वर्षी 'कॉरोनेशन स्ट्रीट' आली, बीबीसीचा प्रतिस्पर्धी चॅनेल आयटीव्हीची मालिका. १९६० पासून त्यात मिस्टर स्विंडली, कापडवाला आणि प्रार्थनामंडळातला मोठा कार्यकर्ता, स्वतःला भारदस्त समजणारा आणि आतून घाबरट. एमिली नावाची बाई त्याच्याशी लग्न करायला निघते आणि अगदी ऐनवेळी माघार घेते, १९६४ चा प्रसंग. लोकांना हा इतका आवडला की त्याला घेऊन वेगळी मालिका काढली, 'पार्डन द एक्स्प्रेशन', आणि तिच्यापुढे अजून एक. म्हणजे मॅनरिंगची अर्धी शिलाई इथेच झालेली आहे. फरक काय, तर स्विंडलीला बघून हसू येतं आणि विषय संपतो.

आणि गंमत म्हणजे याच लोकप्रियतेमुळे बीबीसीला तो नको होता, कारण तो पडला आयटीव्हीचा माणूस. भूमिका आधी थॉर्ली वॉल्टर्सकडे गेली होती, त्याने नको म्हटलं. पेरी आणि क्रॉफ्टने रेटून लोला आणलं. त्यांनी अजून एक शहाणपणा केला तो म्हणजे पदं उलटी वाटली. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅप्टन म्हणजे बड्या घरचा, उंच, निवांत बोलणारा, आणि सार्जंट म्हणजे खालून आलेला, कडक. इथे कॅप्टन आहे साध्या ग्रामर स्कूलमधून घासून वर आलेला आणि सार्जंट विल्सन, म्हणजे जॉन ल मेझुरिए, पब्लिक स्कूलचा (तिकडे पब्लिक स्कूल म्हणजे श्रीमंतांची खासगी शाळा), ज्याला सगळं आयतं मिळालं आणि कशाचंच काही वाटत नाही. मॅनरिंग हुकूम सोडतो, विल्सन भुवई किंचित वर करून "असं करणं शहाणपणाचं आहे का सर?" छापाचं काहीतरी मऊ आवाजात विचारतो, आणि लोच्या चेहऱ्यावर त्या अर्ध्या सेकंदात शाळेपासूनचा सगळा अपमान येऊन जातो. वाक्य एकही नाही. इंग्रजी समाजातली जात म्हणजे काय हे मला इथे ब्रिटनमध्ये राहून जेवढं कळलं नाही तेवढं या दोघांच्या बघण्यातून कळलं.

हा सेट घ्या म्हणतोय ते नेमकं यासाठी. लो ऐकतो. बाकीचे आपापली वाक्यं टाकत असतात, जोन्सचं "घाबरू नका" चालू असतं, फ्रेझर "आपण मेलो" म्हणून डोळे गरागरा फिरवत असतो, पण कॅमेरा मॅनरिंगवर गेला की बघा, तो माणूस खरंच ऐकतोय, आधी कळत नाही, मग कळतं, मग कळलं नाही असं दाखवायचं ठरवतो, मग चष्मा सारखा करतो. हे सगळं एका शॉटमध्ये. यूट्यूबवरच्या क्लिप्समध्ये नेमकं हेच कापलं जातं कारण तिथे लोकांना फक्त पंच हवा असतो.

सगळ्यात गाजलेला पंच घ्या, १९७३ चा 'द डेडली अटॅचमेंट'. पकडलेल्या जर्मन पाणबुडीचा कॅप्टन यांच्या ताब्यात आहे, फिलिप मॅडॉकने तो असा थंडपणे केलाय की खरंच भीती वाटते, आणि तो धमकी देतो की माझ्याकडे यादी आहे, युद्ध जिंकल्यावर एकेकाचा हिशोब होईल. मागे पाइक हिटलरवरचं टवाळ गाणं म्हणत असतो. कॅप्टन म्हणतो तुझंही नाव यादीत जाणार, काय नाव तुझं? आणि मॅनरिंग तडक: सांगू नकोस त्याला, पाइक! ब्रिटनमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असलेलं वाक्य आहे हे. पण सेटवर अख्खा भाग बघा म्हणजे कळेल की लोने तिथे विनोद केलेलाच नाही. तो आपल्या पोराला वाचवतोय. पॉझ नाही, डोळा मारणं नाही, लोकांकडे बघणं नाही, पूर्ण काळजीने आणि पूर्ण अधिकाराने तो पोराचं नाव शत्रूला देऊन टाकतो. दुसऱ्या कुणी असतं ना तर त्या वाक्याआधी एवढीशी जागा सोडली असती, हशा ठेवायला.

आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी असतो ना, ज्याने पार्किंगच्या रेषा आखायच्या म्हणून स्वतःच शिट्टी विकत आणलेली असते, तसा हा माणूस आहे. आपण हसतो. पण चुकून खरंच आग लागली तर सगळ्यात आधी बादली घेऊन तोच धावणार. मॅनरिंग मूर्ख आहे, घमेंडी आहे, पण भित्रा नाही, जर्मन आलेच तर हा गोल माणूस खरंच रस्त्याच्या मधोमध उभा राहील याबद्दल शंका राहत नाही. पेरी-क्रॉफ्टने हे लिहिलंय, कबूल, पण पटतं ते लोमुळे. १९६९ चा 'समथिंग नॅस्टी इन द व्हॉल्ट' बघा, बँकेच्या तिजोरीच्या खोलीत न फुटलेला बॉम्ब, आणि तो मांडीवर धरून मॅनरिंग आणि विल्सन शेजारी शेजारी बसलेत, हलायचं नाही. हात-पाय बांधल्यासारखे दोन नट, फक्त तोंड आणि आवाज. माझ्या मते अख्ख्या सेटमधला सर्वात चांगला भाग, आणि नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी.

त्यानंतर 'मम्स आर्मी', १९७०. बायकांना पथकात घ्यायचं ठरतं आणि मिसेस ग्रे नावाची बाई येते, कार्मेन सिल्व्हेरा, आणि मॅनरिंग चक्क प्रेमात पडतो. त्याची बायको एलिझाबेथ मालिकेत कधीच दिसत नाही, फक्त फोनवर हा तिच्यासमोर नरमतो एवढं कळतं, त्यामुळे ही बाई आल्यावर हा उजळतो ते बघून आधी हसू येतं आणि मग स्टेशनवरचा प्रसंग येतो तेव्हा हसणारे गप्प बसतात. हा पोटाळा, टकला बँक मॅनेजर तिला जाऊ नका म्हणून विनवतो आणि त्यात एकही जोक टाकलेला नाही. विनोदी मालिकेत असं करायला लेखकांची छाती लागते आणि नटावर विश्वास लागतो.

'माय ब्रदर अँड आय' हा १९७५ च्या ख्रिसमसचा खास भाग. त्यात लो दोन भूमिकांत, मॅनरिंग आणि त्याचा दारुडा भाऊ बॅरी, जो गावोगाव फिरून गमतीच्या वस्तू विकतो. दोघांची चाल वेगळी, आवाज वेगळा, खांदे वेगळे. मॅनरिंग वडिलांबद्दल जे मोठं मोठं सांगत आला त्यातली हवा बॅरी काढून टाकतो. रेपर्टरीची ती वर्षं कुठे गेली असं कुणी विचारलं तर हा भाग लावून द्यायचा.

एक किस्सा लोबद्दल नेहमी सांगतात की हा गडी स्क्रिप्ट घरी नेऊन पाठच करायचा नाही. क्रॉफ्ट-पेरी वैतागायचे. सेट ओळीने बघितला तर ते दिसतंही, कुठेकुठे वाक्याच्या मधेच तो किंचित अडखळतो, शब्द शोधतो. पण मॅनरिंग हा माणूसच असा आहे की ज्याला भाषण सुरू करायची घाई आणि पुढे काय बोलायचं त्याचा पत्ता नाही, त्यामुळे ते अडखळणं भूमिकेत बेमालूम जिरतं. दुसरा किस्सा, चारचौघात पँट उतरवावी लागणार नाही असं त्याच्या करारातच होतं म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण पडद्यावर तो पाण्यात पडतो, टोपी तिरकी होते, चष्मा एका कानावर लटकतो आणि तरी चेहरा म्हणत असतो की हे ठरवूनच केलंय.

आता मालाबद्दल. पहिले दोन सीझन ब्लॅक अँड व्हाइट आहेत आणि चित्र जरा मऊ आहे, त्याला इलाज नाही. दुसऱ्या सीझनमधले तीन भाग नाहीतच. बीबीसी तेव्हा टेप पुसून परत वापरायची, त्यात ते गेले. आधी पाच गायब होते, दोन २००१ मध्ये सापडले, बाकी तीन अजून नाहीत. २०१९ मध्ये नव्या नटांनी ते पुन्हा करून बघितले पण ते या सेटचा भाग नाहीत. मग पुढच्या रंगीत सीझनमधला 'रूम अॅट द बॉटम' हा भाग, याची रंगीत टेप गेली होती, फक्त ब्लॅक अँड व्हाइट फिल्म उरली होती आणि त्या फिल्ममध्ये अडकलेल्या सूक्ष्म खुणांवरून २००८ मध्ये रंग परत काढले. असल्या गोष्टींचा नाद असेल तर हे भारी आहे, पण तुमच्या सेटमध्ये कुठली आवृत्ती आहे ते आधी विचारून घ्या, जुन्या सेटमध्ये रंग नसणार.

शेवटचे सीझन दमलेले आहेत, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. वॉकर करणारा जेम्स बेक १९७३ मध्ये ४४ व्या वर्षी वारला आणि ती तिरकी, बेरकी बाजू मालिकेतून गेली ती गेलीच. पुढे गोष्टी जास्त गाड्या, खड्डे, पाणी अशा धावपळीवर चालतात, म्हातारे नट खरंच म्हातारे झालेले दिसतात (गॉडफ्री करणारा अर्नोल्ड रिडली पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत होता, त्याला अजून किती पळवणार), आणि हवाई हल्ल्यांच्या वेळी दिवे विझवायला लावणारा वॉर्डन हॉजेस, त्याचं ओरडणं मला तरी डोक्यात जातं. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत मात्र सोनं.

सबटायटल इंग्रजीत आहेत, चालू ठेवा, फ्रेझरचं स्कॉटिश आणि जोन्सची बडबड त्याशिवाय निम्मी निसटते. भारतात कुणाला पाठवणार असाल तर यूकेची डिस्क रीजन २ ची आणि भारत रीजन ५, त्यामुळे तिकडच्या साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही, मल्टी-रीजन प्लेअर आहे का ते विचारा. नवा सेट घ्यायची गरज नाही, चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, हे सेट पडलेले असतात, किरकोळ पैशात मिळतात. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सेकंड हॅन्ड घेतला, 'व्हेरी गुड कंडिशन' लिहिलेलं, आणि एक डिस्क इतकी ओरखडलेली की भाग मध्येच गोठतो. मेसेजला उत्तर नाही. दुकानात उभं राहून प्रत्येक डिस्क उजेडात तिरकी धरून बघा, लाजू नका.

सेटची खरी कमतरता म्हणजे लोचं बाकीचं काम यात नाही, आणि फक्त हे बघितलं तर वाटेल की हा एका भूमिकेचा माणूस. अजिबात नाही. लिंडसे अँडरसनसारखा तिरसट दिग्दर्शक त्याला परत परत घ्यायचा. 'इफ' या सिनेमात तो हॉस्टेलचा पुळचट मास्तर आहे, रात्री बेडरूममध्ये गातोय आणि बायको बासरी वाजवतेय, एवढ्या एका प्रसंगात ती शाळा आतून किती पोकळ आहे ते कळतं. 'ओ लकी मॅन'मध्ये तीन भूमिका आणि त्यासाठी बाफ्टा पुरस्कार, सहाय्यक भूमिकेचा. त्यातल्या एकीसाठी त्यालाही तोंडाला काळा रंग फासायला लावलंय, तेव्हा बेट्सला नाव ठेवताना हेही सांगायला हवं. 'द रूलिंग क्लास'मधला बटलर बघा, मालक मरतो, याला पैसे मिळतात आणि हा तिथेच राहून दारू पिऊन मालकांना कम्युनिस्ट शिव्या घालायला लागतो. अप्रतिम. स्टेजवर जॉन गिलगुडबरोबर शेक्सपियरचं 'टेम्पेस्ट' केलं, टीव्हीवर डिकन्सचा मिकॉबर केला, आणि 'मिस्टर मेन' या लहान मुलांच्या कार्टूनचे सगळे आवाज एकट्याने काढले, माझ्या ऑफिसातल्या पन्नाशीच्या गोऱ्यांना मॅनरिंगआधी तो आवाज आठवतो.

शेवटपर्यंत कामावरच होता. एप्रिल १९८२, बर्मिंगहॅमचं अलेक्झांड्रा थिएटर, दुपारी टीव्हीवर लाइव्ह मुलाखत देऊन आलेला, संध्याकाळी प्रयोगाआधी ड्रेसिंग रूममध्ये कोसळला आणि पहाटे गेला, वय ६६. त्याच नाटकात बायको जोन कूपरही होती (आपल्या सेटमध्ये ती दिसते, गॉडफ्रीची बहीण डॉली), आणि अंत्यविधीच्या दिवशी तिचा बेलफास्टला प्रयोग होता, ती गेली नाही, प्रयोग केला. नाटकवाल्यांच्या घरात हे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो शेवटच्या दोन सीझनसाठी. क्रम म्हणाल तर आधी बॉम्बवाला, मग 'मम्स आर्मी', मग पाणबुडीवाला, मग पहिल्यापासून ओळीने. १९७१ चा सिनेमा या सेटमध्ये नसतो, तो कोलंबियाचा, वेगळा विकतात. तो घेऊ नका, मोठ्या पडद्यावर मोठमोठी दृश्यं आली आणि लोचा चेहरा बघायला वेळच उरला नाही. त्या पैशात 'इफ' घ्या.